कोकणातल्या जमिनी आळसामुळे पडीक नाहीत

बरेच दिवस एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तरी शेतं ओस. घाटावरचा शेतकरी त्याच्या चौथाई पावसात ऊस काढतो, इस्रायलने तर वाळवंट फुलवलं. कोकणी माणसाने मात्र सरकारी योजना वाया घालवल्या, तो दोन महिन्यांच्या आंब्यावर वर्षभर बसून खातो आणि शेवटी जमीन विकून मोकळा होतो. म्हणजे कोकणी माणूस आळशी. आपल्याच वाड्यांच्या ग्रुपवर आपलीच मुलं हे 'शंभर टक्के खरं' म्हणून पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पाऊस. तीन हजार मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर वर्षाला सुमारे तीन लाख लिटर पाणी. आकडा मोठाच आहे, पण हे पाणी जवळजवळ सगळं जून ते सप्टेंबरमध्ये पडतं. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत फार तर साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर, तेही सगळं उताराचं. नद्या आखूड. वर कातळ, त्यावर पाणी मुरत नाही. जिथे मुरतं तिथे जांभा ते धरून ठेवत नाही. श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर शिमग्यापर्यंत तळाला जाते आणि मे महिन्यात वाडीत टँकर येतो. पाऊस किती पडला यापेक्षा फेब्रुवारीत पाणी किती उरलं, यावर दुसरं पीक ठरतं.

जिथे पाणी अडवता येतं तिथे लोक अडवतातच. भातकापणी उरकली की पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, बंधारा घालायचं काम निघतं. मोठे दगड खाली, त्यावर लहान, फटींत पेंढा आणि गवताचे ढेकळांसकट उपटलेले गड्डे, मागून चिकणमातीचा थर पायाने तुडवून बसवायचा. पाणी चढलं की पाटाला लावायचं. त्यावर खालच्या मळ्यात वायंगण, म्हणजे उन्हाळी, भात होतं, मिरची होते, लाल माठ होतो. जूनच्या पहिल्या लोंढ्यात तो बंधारा वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालावा लागतो. ज्यांना आळशी म्हटलं जातं त्यांच्या बापजाद्यांपासून हे चालत आलं आहे. आता माणसं कमी झाली तसे बंधारेही कमी झाले. त्याला उपाय अवघड नाही: पऱ्या-ओढ्यांवर लहान पक्के बंधारे, आणि जिथे ते आहेत तिथे पाऊस ओसरताना वेळेवर बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारांतल्या फळ्या, घालणं. बर्गे डिसेंबरात घातले तर अडवायला पाणीच उरत नाही.

घाटावरच्या उसाची तुलना तर मला अन्यायाचीच वाटते. तो ऊस पावसावर उभा नाही, धरणांवर आणि कालव्यांवर उभा आहे. तिथल्या शेतकऱ्याचे कष्ट मी कमी लेखत नाही, पण त्याला जे पाणी मिळालं ते कोकणाला मिळालेलं नाही. कोयनेचंच पाहा. कृष्णा लवादाच्या निवाड्यानुसार वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवता येतं. पोफळीला आणि कोळकेवाडीला वीज करून ते वाशिष्ठीत सुटतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. चिपळूणच्या पुलावरून जाताना उन्हाळ्यातही नदी वाहती दिसते ती यामुळेच. त्या अवजलाच्या, म्हणजे वीज करून सुटलेल्या पाण्याच्या, वापरावर चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे. आसपासच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांना मात्र उन्हाळ्यात पाणीटंचाई चुकलेली नाही.

इस्रायलबद्दल एवढंच सांगतो. तिथे ठिबक आलं हे खरं. पण त्याआधी १९६४ मध्ये सरकारने उत्तरेतल्या गॅलिली सरोवराचं पाणी दक्षिणेकडे नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी पुरी केली. तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन सरकारी ताब्यात आहे आणि ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते. एका तुकड्यावर दोन डझन नावं, हा प्रश्न तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांपुढे नाही. आपल्यापुढे तो रोज असतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

योजना वाया घालवल्या, हे तर उघड खोटं आहे. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात दिसणाऱ्या हापूस आणि काजूच्या कितीतरी बागा त्या योजनेतल्या आहेत. लोकांनी कातळाला सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती वाहून आणून ते भरले, पहिली दोन-तीन वर्षं कळशीने पाणी घालून कलमं जगवली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती दिल्या, दापोलीच्या विद्यापीठाने आंब्याची आणि भाताची वाणं दिली, ती लोकांनी लावली. इथल्या जमिनीला मानवेल अशी योजना आली तेव्हा कोकणी माणूस मागे राहिला नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

आणि आंबा दोन महिन्यांचा? तो बाजारात दोन महिने दिसतो. बागेत पावसाळ्यात खतं आणि कल्टार (मोहोर येण्यासाठीचं औषध) घालायचं, बांडगुळं काढायचं काम असतं, पाऊस संपता संपता बेणणी, म्हणजे गवत-झुडपं साफ करणं. मोहोर फुटला की तुडतुडे, करपा आणि हल्ली फुलकिडी, म्हणजे फवारणीवर फवारणी. त्यात अवकाळी पाऊस झाला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. फळ धरलं की वानरांची राखण. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक आंबा देठासकट उतरवायचा, डागी बाजूला काढायचा, पेटी भरायची, आणि भाव नवी मुंबईत वाशीच्या बाजारात ठरायचा. हंगामाआधी दलालाची उचल घेतली असेल तर दुसरीकडे माल पाठवायची सोयच नाही. काजूचं वेगळं नाही. २०१८ मध्ये कच्च्या काजूवरचं आयात शुल्क पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आलं. कारखान्याला आफ्रिकेची बी स्वस्त पडली की इथल्या बीचा भाव बसतो. बोंडूंची गोव्यात फेणी होते, आपल्याकडे बहुतेक झाडाखाली कुजतात. गावातल्या गावात फोडणी, सोलणी, प्रतवारी झाली आणि बी साठवायला गोदाम व तारण कर्ज मिळालं, तर मे महिन्यात पडेल त्या भावाला विकायची पाळी येणार नाही. आज तिथेच सगळ्यात जास्त पैसा गळतो.

आता पडीक जमीन. मजकुराचा खरा रोख हिच्यावर आहे आणि खरं उत्तरही इथेच आहे.

कोकणातला सातबारा एकदा काढून बघा. वर पणजोबाचं नाव, त्यांचा मृत्यू होऊन चाळीस वर्षं झालेली. खाली वारस: काही डोंबिवलीला, काही बडोद्याला, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं लागलेली, त्यांच्या मुलांची लागायची राहिलेली. क्षेत्र पंधरा-वीस गुंठे, तेही तीन जागी. गावात राहणाऱ्या एका भावाला तिथे बाग लावायची असेल, शेततळं खणायचं असेल, कर्ज काढायचं असेल, तर सगळ्यांचं संमतिपत्र लागतं. एक सही अडली की सगळं अडलं. इथे भाऊबंदकी आहे, ते मी नाकारत नाही; ज्याला कसायची नाही तोही 'तुला का म्हणून देऊ' म्हणतो. मजकुराने आमच्यावर हा आरोप केला असता तर मी गप्प बसलो असतो.

खंडाने द्यायचीही भीती. कसणाऱ्याचं नाव कूळ म्हणून लागेल आणि जमीन जाईल, या धास्तीने मुंबईकर जमीन ओस ठेवतो पण कसायला देत नाही. कूळकायद्याला मी नावं ठेवणार नाही. खोतीचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचा, जाच काय होता ते या मातीला माहीत आहे. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ संप चालवला, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. कुळांना हक्क मिळायलाच हवे होते. पण आज मालक वीस गुंठ्यांचा आणि कसणारा शेजारचाच, तिथे दोघांनाही सुरक्षित वाटेल असा लेखी, मुदतीचा करार लागतो. अशा करारासाठी नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा दिलेला आहे.

एकाची जमीन ओस पडली की शेजाऱ्याचीही पडते, हे लांबून दिसत नाही. ओस मळ्यात रान माजतं, त्यात रानडुकरं राहतात आणि रात्री बाजूचं भात लोळवून जातात. पाट बुजतो, बांध फुटतो, कापणीनंतर मोकाट गुरं शिरतात. एकट्याने कुंपण घालायचं तर खर्च पिकापेक्षा जास्त. अख्ख्या मळ्याला मिळून एक सौर कुंपण घातलं तरच ते परवडतं, म्हणून अनुदान मळ्याला मिळावं, खातेदाराला नव्हे. मजुरीचंही तसंच. लावणीला माणसं मिळत नाहीत तिथे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेलं सगुणा भात तंत्र आहे: गादीवाफ्यावर टोकणी, चिखलणी नाही, लावणी नाही. सगळ्या जमिनींना ते चालेल असं नाही, पण जिथे माणूसबळ संपलं आहे तिथे करून बघण्यासारखं नक्की आहे.

राहिला जमीन विकण्याचा आरोप. विकतात, खरं आहे, आणि मला ते बोचतं. पण बारा वारसांना जमीन कसता येत नाही, वाटून घेता येत नाही, आणि एजंट मात्र सगळ्यांच्या सह्या स्वतः फिरून गोळा करतो. जे काम तो करतो ते महसूल खात्याला करता येईल. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सहमतीने वाटप तहसीलदाराकडे होतं, कोर्टात जावं लागत नाही. अडचण सगळे एकत्र सापडण्याची असते. ते गणपतीत सापडतात आणि मे महिन्यात सापडतात. तलाठी, मंडळ अधिकारी आणि मोजणीदार यांनी त्या दिवसांत वाडीत येऊन बसावं, वारसनोंदी तिथेच घ्याव्यात, वाटपाचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. येत्या ग्रामसभेत एवढा एक ठराव आपण सगळ्यांनी आपापल्या गावात मांडू या.