श्वास हळू घ्या जी

कालपासून माझी खुर्ची पॅसेजमध्ये आहे. गुन्हा काय, तर मी श्वास घेतो.

आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या ऑफिसात पंधरा दिवसांपूर्वी भिंतीवर मीटर लागलं. तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे भाग किती. हे भाग १००० च्या वर गेले की आकडा लाल. तोवर २८ अंशांत आम्ही सुखानं डुलक्या काढायचो. आता २८ नुसतं दिसलं तरी लोकांना घाम फुटतो.

मीटर नेमकं माझ्या डोक्यावर. काल आकडा १३८० झाला आणि अकाउंटवाले काका गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा सरकवत पुढ्यात उभे.

"तुम्ही बोलून राहिले म्हणून वाढून राहिला हा."

"काका, खोलीत चौदा जण आहेत."

"पण फोनवर तुम्हीच असता ना जी! माझं पाहा. खर्रा असला की तोंड बंद. नाकातून निघून निघून कितीसा निघन? फुंका बरं इथं."

मीही येडा. फुंकलं. आकडा २९०० वर.

"पाहा बाप्पा! पुरावा!"

अहो, उच्छ्वासात हा वायू चार टक्के, म्हणजे दहा लाखांत ४०,००० असतो, साहेबांच्याही असतो. म्हटलं, आता तुम्ही फुंका.

"मी कसा फुंकू? खर्रा आहे ना तोंडात."

कोणीतरी खिडकी उघडली. आकडा ६५० वर आला, पण बाहेर ४५ अंश. तापमान भराभर चढलं. सगळे खिडकीवर ओरडले. बंद केली, पुन्हा लाल. "एसी चालू आहे, मंग हवा शिळी कशी?" काकांचा सवाल. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची आणत नाही, हे सांगितलं तर "बोलू नका, वाढून राहिला."

महाल भागातल्या आमच्या घरी आजी कूलर लावला की समोरची खिडकी उघडायचीच. पापड सादळला की तिला कळायचं, ओल कोंडली. भिंतीवर काही टांगावं लागलं नाही.

आणि ज्यानं ही हवा बाहेर जायची तो एक्झॉस्ट फॅन दिवाळीपासून बंद आहे. त्यात कबुतरानं संसार थाटलाय. दुरुस्तीचा अर्ज तीनदा दिला, तीनदा "बजेट नाही". मीटरला मात्र होतं.

आज सकाळी काका पॅसेजमध्ये आले. वाटलं, माफी मागतील.

"अजून लालच आहे," म्हणाले. "तुमचा आवाज आत येऊन राहिला."