पायाळू पुंगळ्या

जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेल्या माणसाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं आणि विजा कडाडत असताना त्याने अंगणात जाऊ नये, असं आमची आजी सांगायची. शिवाय कोणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाने पाठीला पाय लावायचा, की उसण पळते. माझी बायको पायाळू आहे. लग्न ठरवताना या गुणाकडे मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर तिने माझ्या पाठीला इतक्या वेळा आणि इतक्या उत्साहाने पाय लावला, की उसणीपेक्षा उपायाचीच धास्ती वाटायला लागली.

उसण भरायचं कारणही पायाळूच होतं. पितळेच्या सतरा मिलिमीटर लांबीच्या पुंगळ्यांनी पायाळू जन्मावं म्हणून मी सहा महिने देव पाण्यात घालून बसलो होतो.

नीट सांगतो. मी डॅलसजवळच्या एका उपनगरात राहतो. रविवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन कागदावर पिस्तुलाने भोकं पाडणे हा माझा छंद आहे. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत या वाटेला गेलो नव्हतो, कारण कायदा तसा आहे. मिळाल्यावर मात्र नव्याने बाटलेला जास्त कांदे खातो तसं झालं. माझं पिस्तूल जुनं, युरोपातल्या कुठल्याशा पोलिसाच्या कमरेचं, .32 बोअरचं. त्याचं काडतूस ब्राउनिंगसाहेबांनी, म्हणजे बंदुका-पिस्तुलं घडवणाऱ्या अमेरिकी कारागिराने, 1899 च्या सुमारास काढलं. दिसायला गोंडस, पण दुकानात नेहमीच्या 9 मिलिमीटरच्या काडतुसापेक्षा कितीतरी महाग. इथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. त्यामुळे काटकसरी माणसं झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या, म्हणजे पुंगळ्या, वेचून आणतात आणि घरी पुन्हा भरतात. मी पुण्याचा. मोह आवरणं शक्यच नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं, "शनिवारी गॅरेजमध्ये दारू भरत असतो." त्यानंतर आठवडाभर तिने बायकोशी वेगळं, हळू आवाजात बोलणं ठेवलं.

आता यंत्राबद्दल. काडतुसं भरायच्या प्रेसचं हॅण्डल एकदा खाली ओढलं, की चार-पाच ठिकाणी चार-पाच कामं एकदम होतात. एका पुंगळीचा जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टिकली, निघतो, दुसरीत दारू पडते, तिसरीच्या डोक्यावर गोळी बसते. फक्त दर वेळी नवी पुंगळी हाताने ठेवावी लागते. ते कष्ट वाचवायला केस फीडर. प्रेसच्या वर, डोक्याच्या उंचीवर, तिरकी बसवलेली एक कढई. तिच्या तळाशी मोटरवर हळूहळू फिरणारी थाळी, थाळीच्या कडेला खाचा. कढईत शे-दोनशे पुंगळ्या ओतायच्या. एकेक पुंगळी खाचेत आडवी पडते आणि माथ्यावर जाते. तिथे खाली एक भोक असतं आणि भोकात मधोमध एक कड, दाराला उंबरठा असावा तशी. पुंगळी त्या उंबरठ्यावर आडवी पडते. तिचा बुडाकडचा भाग भरीव आणि जड, तोंडाकडचा पोकळ. म्हणून तराजूसारखी कलून ती बुडाने खाली जाते आणि नळीतून प्रेसवर उभी राहते. कुठे सेन्सर नाही, कुठे कॉम्प्युटर नाही. फक्त वजनाचा न्याय. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पंधरा मिनिटं नुसता बघत उभा होतो.

ते 9 मिलिमीटरच्या पुंगळ्यांबद्दल.

.32 च्या पुंगळ्या ओतल्यावर न्यायालय बरखास्त झालं. तीन पुंगळ्या पायाळू आल्या, चौथी डोक्यावर. मग दोन एकाच खाचेत, एकीच्या अंगावर एक, लोकलच्या डब्यात पाय लटकवून निघाल्यासारख्या. चुकून राहिलेली 9 मिलिमीटरची एक पुंगळी आली, तर तिच्या तोंडात .32 ची एक अर्धी शिरून बसलेली. ती जोडी नळीत अडकली. मोटर कण्हायला लागली. उलटी पुंगळी प्रेसमध्ये गेली की हॅण्डल ओढताना कचकन् आवाज येतो आणि पितळेची वेणी होऊन बाहेर पडते. पहिल्या दिवशी मी पन्नास पुंगळ्या घातल्या. त्यातल्या एकोणीस वाया गेल्या आणि एक माझ्या चहात सापडली.

वस्तुतः थाळीवर 'लहान पिस्तूल' असंच लिहिलेलं आहे. पण लहान म्हणजे किती लहान, यावर कारखानदाराचं आणि माझं एकमत नाही. 9 मिलिमीटरची पुंगळी सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास लांब असते, माझी सव्वासतरा. दोन मिलिमीटरचा फरक. एवढ्या फरकासाठी इतका थयथयाट, तर भाऊबंदकीत बांधावरून डोकी फुटतात त्यात नवल ते काय.

नेमके याच सुमारास बाबा आले. सहा महिन्यांच्या मुक्कामाला, पाहुण्याच्या व्हिसावर, दोन बॅगा भरून मेतकूट आणि भाजणी घेऊन.

आमचे बाबा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत एकतीस वर्षं होते. फॅक्टरी 1869 ची. अप्रेंटिस फिटर म्हणून लागले आणि टूलरूममधून निवृत्त झाले. बुडावर 'केएफ', म्हणजे किर्की फॅक्टरी, असं कोरलेल्या पुंगळ्या त्यांच्या यंत्रांमधून किती गेल्या याचा हिशेब त्यांच्याकडे नाही आणि असला तरी ते सांगणार नाहीत, कारण बाबा फॅक्टरीबद्दल घरी कधीच बोलले नाहीत. आम्ही शाळेत विचारलं की म्हणायचे, "साबण करतो आम्ही." माझ्या गॅरेजची ख्याती त्यांच्या कानावर गेलेली होतीच. विमानतळावरून घरी आल्यावर पहिलं वाक्य बाथरूम कुठे हे नव्हतं. "कुठंय ते तुझं यंत्र?"

आणि इथे घोळ झाला. मी कायदा वाचलेला होता. अमेरिकी फेडरल कायद्यात अम्युनिशनच्या व्याख्येत नुसती भरलेली काडतुसं येत नाहीत. रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी, दारू, सगळं सुटं सुटंही येतं. आणि पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, त्यातलं काहीही बाळगायचं नाही. बाळगणं आणि हात लावून बघणं यात फरक असेलही. पण विषाची परीक्षा कोण घेणार?

"बाबा, हात नका लावू."

"रिकामी आहे ना?"

"रिकामीला पण नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाचं आयुष्य पुंगळ्यांमध्ये गेलं, त्याला पोटचा पोरगा सांगत होता, की फुंकर मारली तर उडेल अशा एका पुंगळीलाही स्पर्श करू नका. ते काही बोलले नाहीत. बायकोने घडीची खुर्ची आणून दिली. यंत्रापासून चार फुटांवर, दोन्ही हात काखेत घालून ते बसले आणि पुढचे कितीतरी शनिवार तसेच बसले. बाहेर बेचाळीस डिग्री, गॅरेजमध्ये त्याहून जास्त. गंजीफ्रॉकवर बसलेला, हात काखेत घट्ट दाबलेला, मान पुढे काढलेला म्हातारा. समोरच्या घरातल्या बाईंना वाटलं मी वडिलांना शिक्षा केली आहे. त्या एकदा लिंबू सरबत घेऊन आल्या, ते त्यांनाच दिलं, मला नाही.

मी माझ्या अकलेने उपाय चालवले होते. आधी थाळीखाली वॉशर घातला. खाच उथळ झाली, दुहेरी प्रवासी बंद झाले. हे बरं जमलं. मग मोटरचा वेग कमी केला. पुंगळ्या आता उलट्याच पडायच्या, पण सावकाश, विचारपूर्वक. मग थ्रीडी प्रिंटरवाला मित्र धावून आला. कोथरूडचा आहे, आत्मविश्वास आलाच. त्याने संगणकावर नवा तुकडा आखला, रात्रभर छापला, पांढराशुभ्र, रेखीव. तो आणताना मी वाटेत किराणा घ्यायला थांबलो आणि तुकडा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. ते प्लॅस्टिक साठ डिग्रीच्या आसपास नरम पडतं. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. कोथिंबीर घेऊन परत आलो तेव्हा तुकड्याचा पापड झालेला होता, नीट, कडा वर वळलेला. मित्राला अजून खरं सांगितलेलं नाही. टॉलरन्सचा प्रॉब्लेम आला असं सांगितलं, आणि तो त्यावर अजून विचार करतो आहे.

या सगळ्या काळात बाबा एकच वाक्य बोलत. "तू बघतोयस. ऐकत नाहीयेस."

मला वाटायचं, हे आपलं नेहमीचं वडिलांचं वाक्य. दहावीपासून ऐकत आलो आहे.

एका शनिवारी वैतागून मी विचारलं, "काय ऐकू?"

"डोळे मीट."

मिटले. मोटरची घरघर. पितळेची खळखळ, नदीकाठच्या वाळूसारखी. आणि मग, टक. टक. टक. टिंग.

"टिंग ती डोक्यावर पडली," बाबा म्हणाले. "पोकळ बाजू खाली आपटली की वाजते. आता टिंगच्या आधी काय होतं ते ऐक."

दहा मिनिटं ऐकलं. टिंगच्या आधी एक अगदी बारीक घासल्याचा आवाज होता. स्स्. टकच्या आधी तो नव्हता.

"घसरते आहे," बाबा म्हणाले. "खाच तिला लांब होते. वर चढता चढता ती एका टोकाला जाऊन बसते. मग उंबरठ्यावर मधोमध पडतच नाही, एकाच अंगाला पडते. तोल जायला आधी तोल असावा लागतो ना? तिला कलायला जागाच नाही. जशी पडली तशी गेली." आणि मग काखेतून एक हात बाहेर काढून, हवेतच, चिमटीने दोन मिलिमीटर दाखवले. "पोरगी हलवू नको. उंबरठा सरकव. एवढा."

चार फुटांवरून दाखवलेले दोन मिलिमीटर मी नंतर कॅलिपरने मोजले. म्हणजे बाबांची चिमूट मोजली. 1.9.

आता एक मिलिमीटरभर जाडीची, कापता येईल अशी, पण लवकर न झिजणारी पट्टी हवी होती. हार्डवेअरच्या दुकानात एवढीशी पट्टी मिळत नाही, पूर्ण पत्रा घ्यावा लागतो. बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "फ्रिजवर श्रीखंडाचे डबे आहेत. झाकण."

मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, की श्रीखंडाचा रिकामा डबा ही रिकामी वस्तू नसते. आमच्याकडे असे तेवीस डबे होते आणि बायकोला प्रत्येकाचं झाकण तोंडपाठ होतं. मी एक झाकण मागितलं. ती म्हणाली, "झाकण नेलंस तर डब्याचं काय करू?" मी म्हटलं, डबाही नेतो. "डबा कशाला?" शेवटी पुढच्या पाडव्याला दोन किलो श्रीखंड आणण्याच्या बोलीवर, चिरा गेलेलं एक झाकण मिळालं. तेही तिने धुऊन, पुसून दिलं, सासर सोडणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बघत.

झाकणाच्या दोन पट्ट्या कापल्या, एकावर एक चिकटवल्या आणि उंबरठ्याच्या आतल्या बाजूला बसवल्या. बाबा खुर्चीतून अर्धे उठलेले. "चौकोनी कड ठेवू नको. तासून घे. अजून. अरे, बायकोच्या नखाला लावतात तो कागद आण." बायकोची नेल फाइल पण गेली. हे मात्र तिला अजून माहीत नाही.

मोटर सुरू केली. टक. टक. टक. टक. मी मोजत होतो, बाबा मोजत नव्हते, डोळे मिटून बसले होते. दोनशे पुंगळ्या ओतल्या होत्या. एकशे शहात्तराव्या वेळी टिंग झालं. बाबांनी डोळे न उघडता भुवई वर केली. बाकी सगळ्या पायाळू. बायको दारात उभी होती. म्हणाली, "मग आता यांना पण उसणीला बोलवा."

ऑक्टोबरात बाबा परत गेले. जाण्याच्या आदल्या रात्री मी त्यांची प्रत्येक बॅग, प्रत्येक खिसा, पॅण्टच्या दुमडी आणि चपलांचे तळवे तपासले. चपलेच्या खाचेत एखादी पुंगळी निघाली असती तर दोन्हीकडच्या विमानतळांवर कोणाकोणाला काय काय समजावलं असतं! बाबा पलंगावर बसून बघत होते. "एकतीस वर्षं," ते म्हणाले, "गेटवर रोज झडती द्यायचो. सवय आहे." आणि हात वर करून उभे राहिले. मी त्यांच्या अंगरख्याचे खिसे चाचपले. एकात आवळा सुपारी होती.

आता शनिवारी रात्री माझा फीडर चालू असतो तेव्हा पुण्यात रविवारची सकाळ असते. बाबा फोन करतात. व्हिडिओ नको म्हणतात. "नुसता आवाज ऐकव." मी फोन कढईजवळ धरतो.

गेल्या आठवड्यात असाच धरला होता. टक. टक. टक. टक. टिंग.

"थांब," बाबा ओरडले. "बंद कर. काढ ती."

मी बंद केलं. नळी काढली, सगळ्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या, एकेक तपासली. एकही उलटी गेल्याची खूण नव्हती. पुन्हा भरून पुन्हा चालू केलं. टक. टक. टिंग. पुन्हा बंद, पुन्हा नळी खाली. कंबर धरायला लागली होती. तिसऱ्यांदा यंत्र चालू न करताच मी फोन कानाला लावला.

टिंग.

आणि मागून आईचा आवाज. "अहो, त्याला सोडा आता. आणि या वाट्या पुसायला या."