समुद्र चौकटीत बसवताना

समुद्रकिनाऱ्याची जुनी कोरीव चित्रे जमवण्याचा छंद आपणास जडवून घ्यायचा असेल, तर सर्वप्रथम खऱ्या समुद्राशी असलेले संबंध कमी करावेत. खऱ्या समुद्राला वास येतो, भरतीच्या वेळी तो आपण टाकलेल्या पिशव्या प्रामाणिकपणे परत करतो आणि त्याच्या काठी बोंबील वाळत घातलेले असतात. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उतरलेला समुद्र मात्र दोनशे वर्षे एकाच लाटेवर थांबून राहिलेला असतो. त्यात होड्या असतात, पण जाळी वाळत घालायला जागा मागणारे कोळी नसतात. असलेच तर चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, माडाची उंची कळावी एवढ्याच कामासाठी बसवलेले दोन पाठमोरे इसम असतात, आणि त्यांच्याकडून पुनर्वसनाची मागणी येण्याची शक्यता नाही.

ज्याने चित्र काढले त्याने तो किनारा पाहिला होता काय, असल्या क्षुल्लक चौकशा करू नयेत. ईस्ट इंडिया कंपनीने १७३२ च्या सुमारास आपल्या लंडनच्या कचेरीसाठी वसाहतींची सहा चित्रे करून घेतली, त्यांत मुंबईही होती. जॉर्ज लॅम्बर्टने जमीन रंगवली, सॅम्युएल स्कॉटने जहाजे रंगवली, आणि दोघांपैकी एकानेही हिंदुस्थानात पाऊल ठेवले नव्हते. पुढे त्या चित्रांवरून कोरीव प्रती निघाल्या व आज त्या मुंबईचे प्राचीन दर्शन म्हणून मान मिळवून आहेत. जहाजे मात्र दोरखंडापर्यंत अचूक आहेत, कारण ती टेम्स नदीवर पाहायला मिळत. यान फान रायन या कोरीवकाराच्या नावावरील १७५४ च्या चित्राखाली तर ‘मलबार किनाऱ्यावरील मुंबई’ असेच छापलेले आहे. एखाद्या पाहुण्याने मुंबई केरळात कधी गेली असे विचारल्यास किंचित हसावे आणि त्या काळच्या युरोपीय लोकांना अख्खा पश्चिम किनारा मलबारच वाटत असे, हे अशा सुरात सांगावे की जणू ती चूक आपल्याच पूर्वजांनी मोठ्या कष्टाने केली होती.

प्रत्यक्ष येऊन चित्रे काढणाऱ्यांत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार आपल्या कामाचा आहे. तो १७९१ मध्ये मुंबईत आला, पेशव्यांच्या दरबारी पुण्यास गेला, गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराची त्याला साथ मिळाली आणि १७९५ मध्ये तो इथेच वारला. मुंबई बेट व आसपासची त्याची बारा दृश्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती १८०० साली, म्हणजे चित्रकार मानधनाची तक्रार करण्याच्या पलीकडे गेल्यावर. (आडनाव तांबट असलेल्या माणसाचे नाव तांब्याच्या पत्र्यावर सहसा सापडत नाही, याचे नवल करत बसू नये. चित्राखाली डाव्या कोपऱ्यात रेखाटणाऱ्याचे व उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचे नाव घालण्याचा प्रघात होता. मदतनिसासाठी तिसरा कोपरा नव्हता.) वेल्सची दृश्ये घेण्यातला खरा आनंद असा की, मलबार हिलवरून किंवा वरळीच्या खिंडाराकडून पाहिलेल्या त्या निळसर पाण्यात बोट फिरवत आपण आपल्या इमारतीची जागा शोधू शकतो. ती बहुधा पाण्यात सापडते. ज्या भरावाला आपण चौरस फुटाचा दर देऊन घेतले, त्या भरावाने बुजवलेला समुद्र त्याच भरावावरच्या भिंतीवर टांगण्यासाठी पुन्हा पैसे मोजणे, हे या छंदाचे मर्म आहे आणि ते ज्याला कळले त्याला आणखी काही शिकवण्याची गरज नाही.

तरीही थोडी परिभाषा अंगी असावी. एनग्रेव्हिंग म्हणजे टोकदार हत्याराने तांबे थेट कोरणे. तिथली रेघ मध्ये जाड होते आणि टोकाशी निमुळती होत संपते. एचिंग म्हणजे पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यात सुईने रेघा ओढणे आणि खोदण्याचे कष्ट आम्लाकडे सोपवणे. तिथली रेघ टोकाशी बोथट राहते. ॲक्वाटिंटमध्ये राळेची पूड वापरून आकाशाला शाईच्या हलक्या छटा आणत. पाहुण्यांसमोर या तिन्हींपैकी कोणताही शब्द कोणत्याही चित्रासाठी वापरला तरी चालतो. फक्त तो उच्चारताना चष्मा कपाळावर सरकवलेला असावा. ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दाबयंत्रातून काढताना पत्र्याच्या कडेचा जो खोलगट ठसा कागदात उमटतो, त्यावर बोटाचे टोक हळुवार फिरवावे आणि काही क्षण बोलू नये. असा ठसा हाताला न लागल्यास अधिकच वेळ बोलू नये.

भिंग मात्र चुकूनही विकत घेऊ नका. मी ते घेतले आणि एका सुंदर छंदाचे नुकसान करून बसलो. जुन्या बाजारातल्या एका सज्जनाकडून मी मुंबई बंदराचे एक तपकिरी, कडा झिजलेले, अत्यंत दुर्मीळ चित्र आणले होते आणि तीन वर्षे त्याच्यापुढे चहा पीत होतो. भिंगातून पाहताच त्यातले गलबत लाल, पिवळ्या आणि निळ्या ठिपक्यांच्या रांगोळीत विरघळले. चौकट उघडली, तर मागच्या बाजूला जून महिना निघाला; वटपौर्णिमेची तारीख तांबड्या शाईत ठसठशीत होती आणि कागदाला चहाचाच वास येत होता. ते चित्र अजूनही त्याच भिंतीवर आहे. भिंग मी भाच्याला देऊन टाकले.

रंगांच्या बाबतीतही असाच उदार दृष्टिकोन ठेवावा. लंडनहून १८४२ पासून निघणाऱ्या सचित्र साप्ताहिकांतली लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली बंदरांची दृश्ये काळ्या शाईतच निघत. ती आता निळ्या समुद्रासह मिळतात आणि तो निळा रंग बहुधा आपल्या जन्मानंतरचा असतो. रॉबर्ट ग्रिंडलेच्या पश्चिम हिंदुस्थानावरील ग्रंथाची गोष्ट निराळी. हा कंपनीच्या सैन्यातला कॅप्टन. पुढे त्याच्या नावाची बँकही झाली. १८२६ ते १८३० या काळात निघालेल्या त्याच्या ग्रंथात ३६ रंगीत चित्रे आहेत, आणि म्हणूनच तो ग्रंथ अखंड ठेवणे कुणालाही परवडत नाही. शिवण उसवून छत्तीस पाने छत्तीस चौकटींत गेली की छत्तीस जण तृप्त होतात. ग्रंथ फाडणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु आपल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर आख्खा ग्रंथ मावणार नव्हता हे त्या बिचाऱ्याने आधीच ओळखलेले असते.

इतिहासाचा अभिमान असलेल्या मराठी संग्राहकाने घेरियाची चित्रे शोधावीत. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि या पराक्रमाची कोरीव चित्रे इंग्लंडात हौसेने विकली गेली. आपण ती तितक्याच हौसेने विकत घ्यावीत, सोनेरी चौकटीत बसवावीत, वर छोटा दिवा लावावा आणि धुराकडे बोट दाखवून मुलांना सांगावे की पाहा, हे आपले आरमार. या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य कोणाच्या बाजूला होते, असे एखाद्या आगाऊ मुलाने विचारल्यास चौकटीच्या लाकडाकडे त्याचे लक्ष वळवावे.

आता निगा. समुद्राच्या चित्राचा सर्वांत मोठा शत्रू समुद्र होय. खाऱ्या दमट हवेत कागदावर तांबूस ठिपके उठतात, बुरशी धरते, आणि फ्रेमवाल्याने मागे लावलेला स्वस्त पुठ्ठा आपले आम्ल सोडून कडेने तपकिरी पट्टा उमटवतो. आम्लाने जन्मलेल्या चित्राचा आम्लानेच अंत व्हावा यात काव्य असले तरी त्याला विमा मिळत नाही. म्हणून जिच्यासाठी घर घेतले ती समुद्राकडची खिडकी बंद करून घ्यावी, तिच्यावर जाड पडदा सोडावा, कारण उजेडाने रंग उडतात, आणि हवेतला ओलावा शोषून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखणारे यंत्र आणावे. माझ्याकडे ग्रिंडलेच्या ग्रंथातले ‘मुंबई बंदरावर पावसाळ्याची चाहूल’ हे पान आहे. मृग लागला की मी खोली बंद करून त्याच्यासमोर बसतो. चित्रातले ढग अजून लांब आहेत, बाहेरचे काचेवर आपटत असतात, आणि मध्ये यंत्र घरघरते. त्याची टाकी रोज सकाळी मोरीत ओतावी लागते. पाणी भरपूर निघते. एकदा चाखूनही पाहिले; अजिबात खारट नव्हते.