मंजूर भार

आमचा गिझर गेला तो डिसेंबरातल्या एका मंगळवारी, पहाटे पावणेसहाला. जाताना एकटा गेला नाही. घरातले सगळे दिवे, फ्रिज आणि वायफाय सोबत घेऊन गेला. बटण दाबलं की मेन पडायचा. मी तीनदा दाबून पाहिलं. चौथ्यांदा हात उचलला तेव्हा बायको अंधारातून म्हणाली, "अहो, तो नाही म्हणतोय ना, मग?"

नाशिकची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षं तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. द्राक्षाला एवढा मान असलेल्या जिल्ह्यात मी त्या दिवशी हात-पाय-तोंड धुऊन, अत्तर लावून बँकेत गेलो.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आला. गिझर उतरवून त्याने खालचं झाकण उघडलं आणि बादलीत पांढऱ्या खपल्यांचा खच पडला. बारा वर्षं बोअरचं पाणी. कॉईल अशी काही माखली होती की पिठीसाखर भुरभुरवलेला चिरोटा बरा. मग त्याने एक गंजकी, वाकडी तार माझ्या नाकासमोर धरली.

"हे काय?"

"मॅग्नेशियमचा रॉड होता, साहेब. पाण्यानं टाकी खाऊ नये म्हणून आधी याला खायला घालतात. वर्षा-दोन वर्षांनी बघायचा असतो."

बारा वर्षं माझ्या टाकीपायी एक रॉड कणाकणाने झिजत होता आणि मी त्याच्याखाली उभा राहून डोक्याला शाम्पू लावत होतो. मला गलबलून आलं. इलेक्ट्रिशियनला आलं नाही. "कॉईल बदलली असती, पण टाकीच सडलीय. नवा घ्या," म्हणाला आणि दोनशे रुपये घेऊन गेला.

नवा घ्या. पण कुठला? रात्री जेवताना विषय काढला आणि पहिल्या घासालाच लक्षात आलं की घरात गिझरबद्दल कुणालाच मत नाही. प्रत्येकाला मत आहे ते आपापल्या आंघोळीबद्दल.

आईची आंघोळ साडेपाचला. एकच बादली, पण पाणी कढत. "कोमट पाण्यानं तोंड धुतात, आंघोळ नाही करत," हे तिचं जुनं वाक्य. पाणी आधी भाजणारं हवं, मग त्यात आपल्या हाताने विसण घालायचं, बोट बुडवून बघायचं, पुन्हा थोडं घालायचं. आयतं बेताचं पाणी मिळालं तर तिला आंघोळ झाल्यासारखीच वाटत नाही. बायकोची आंघोळ पावणेसातला, कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये. तिला नळ सोडल्या क्षणी गरम पाणी हवं. आमची कन्या कॉलेजात जाते. आठवड्यातून दोनदा केस धुते आणि ते दोन दिवस आम्ही बाकीचे दुय्यम नागरिक म्हणून जगतो. तिला शॉवर लागतो. मला जे उरेल ते.

"गच्चीवर सोलर आहे ना सोसायटीचा?" असं कुणी विचारेल. आहे. चौथ्या मजल्यावर तो आहे. आमच्या दुसऱ्या मजल्यावर त्याची वार्ता येते. नळाला ऊन पाणी यायच्या आधी पाइपातलं गार पाणी दोन बादल्या सोडावं लागतं, आणि ते ऊन होईस्तोवर चौथ्या मजल्याने संपवलेलं असतं.

रविवारी दुकानात गेलो. सेल्समन तरतरीत होता. त्याने तीन लिटरचा इन्स्टंट दाखवला, डब्याएवढा, गोंडस. "सर, टाकी तापायची भानगडच नाही. बटण दाबा, पाणी चालू." बायकोचे डोळे चमकले. मी म्हटलं, किती किलोवॅट? तो म्हणाला, तीन. मी पाठीमागे कोरी असलेली एक पावती मागून घेतली. बँकेत तेवीस वर्षं झाली. आकडा हाती आला की मला बरं वाटतं.

हिवाळ्यात आमच्या टाकीतलं पाणी साधारण १५ अंश. आंघोळीला हवं ४२. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, हे शाळेत घोकलेलं त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडलं. हिशेब असा निघाला की डब्यात आधीच तापलेलं तीन लिटर संपलं की ३ किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला जेमतेम १.६ लिटर पाणी आंघोळीजोगं करतो. म्हणजे १५ लिटरची बादली भरायला साडेनऊ मिनिटं. नळ मोठा सोडला तर पाणी येईल भरपूर, पण पहिले दोन-तीन तांबे कढत आणि पुढचे जेमतेम कोमट. शॉवर तर मिनिटाला सहा-आठ लिटर सोडतो. त्या हिशेबाने कन्येचे केस नुसते भिजेपर्यंत पहिलं लेक्चर संपलं असतं.

"पण वीज वाचते, सर!"

इथे मी दुसरी पावती मागितली. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ४२ वर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं, मग ते डब्यात तापवा नाही तर टाकीत. पाण्याला कंपनी कळत नाही. टाकीवर जे तारे चिकटवलेले असतात ते तापलेलं पाणी चोवीस तास नुसतं बसून राहिलं तर किती उष्णता बाहेर झिरपते, त्याचे असतात. पाच तारे म्हणजे कमी झिरपते. हे वाचून मी बायकोला म्हटलं, "आपल्या घरात गरम पाणी बसून राहतंच कुठे?" सेल्समन एव्हाना दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिक्सर दाखवायला निघून गेला होता.

त्याच रात्री न्यू जर्सीहून दादाचा फोन. घरातला गिझर जाणं ही बातमी सातासमुद्रापार कोण पोचवतं, हे मला आजवर कळलेलं नाही. (आई.) "अरे, टँकलेस घे!" दादा म्हणाला. "टाकीबिकी जुनं झालं. अखंड गरम पाणी. चौघं एका मागोमाग आंघोळ करतात आमच्याकडे." मी चौकशी केली. तिकडचे विजेवरचे टँकलेस १८, २४, २७ किलोवॅटचे असतात. मी वीजबिल काढलं. मंजूर भार : ५ किलोवॅट. म्हणजे आमच्या घराला एका वेळी एवढीच वीज ओढता येते. दादाचा २४ चा गिझर इथे चालवायचा तर जिन्यातल्या पाच घरांची वीज उसनी आणायची, आणि मी आंघोळीला गेलो की त्यांनी मेणबत्त्या लावून बसायचं. हे दादाला सांगितल्यावर तो म्हणाला, "भार वाढवून घे." तिकडे गेलेल्या माणसांना सगळंच वाढवून घेता येतं.

शेजारच्या काकांनी गॅस गिझरचा आग्रह धरला. त्यात पाणी खरंच धो-धो येतं, खोटं का बोला. पण छोट्या, कडी लावलेल्या न्हाणीघरात गॅस जळला की हवा संपत जाते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं. दर हिवाळ्यात पेपरात एखादी तरी अशी बातमी येतेच. बायकोने निकाल दिला : "गिझर बाहेर आणि माणूस आत, असं जमणार असेल तर सांगा." बाहेर म्हणजे ड्राय बाल्कनीत, तिथे वॉशिंग मशीन, सिलिंडर आणि काकांनीच दिलेली तुळस. जमलं नाही.

गंमत म्हणजे पहिला 'गिझर' हा गॅसवरचाच, आणि बिनटाकीचाच. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉनने तो केला आणि आइसलँडच्या उकळत्या झऱ्यावरून त्याला नाव दिलं. धूर बाहेर जायला त्याला नळकांडंच नव्हतं. आपोआप तापणारी टाकी पुढे १८८९ मध्ये पिट्सबर्गला एडविन रूडने काढली. म्हणजे टाकी की बिनटाकी हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि तो आमच्या घरात अकरा दिवसांत मिटावा अशी माझी अपेक्षा.

हो, अकरा दिवस. ते कसे गेले ते मला विचारा. माळ्यावरून पाणी तापवायचा जुना विजेचा रॉड काढला. बादलीभर पाण्याला वीसेक मिनिटं. बादलीत रॉड सोडायचा, बटण लावायचं, बाहेर पहाऱ्याला बसायचं. मग बटण बंद, प्लग काढायचा आणि त्यानंतरच बोट बुडवायचं. हा क्रम मी दारावर चिकटवला होता. आईने रॉडला पहिल्याच दिवशी नकार दिला. "पाण्यात वीज सोडायची आणि ते अंगावर घ्यायचं? मला पातेल्यात तापवून दे." तेव्हा साडेपाचला गॅसवर मोठं पातेलं. दोन फडक्यांत धरून ते मी स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत न्यायचो आणि वाटेत आईचं भाषण ऐकायचो. विषय एकच : बंब.

"बंबाला नव्हतं हो तुमचं हे तीन लिटर नि पंधरा लिटर. सकाळी चार करवंट्या नि थोडा बंबफोड घातला की नऊ माणसांच्या आंघोळी. जेवढं ऊन काढायचं तेवढं गार वरून ओतायचं. कुणी ओतलं नाही तर आजोबा बाहेरून ओरडायचे."

पातेल्याचा तोल सांभाळताना माझ्या डोक्यात आलं की बंब म्हणजे टाकी आणि टँकलेस, दोन्ही. काढा तेवढं भरा, आणि थर्मोस्टॅटच्या जागी आजोबा. चिंचेने घासायला मात्र कुणी तयार असेल तर सांगा. मी चार पिढ्यांचा तांब्याचा बंब मोडीत काढणाऱ्या घराण्यातला आहे.

अखेर वेळापत्रक मांडलं. २५ लिटरची टाकी ६० अंशांपर्यंत तापायला चाळीसेक मिनिटं घेते, १५ ची चोवीस. १५ लिटर साठचं पाणी विसणासकट पंचवीस लिटर होतं, म्हणजे जवळजवळ पावणेदोन बादल्या. साडेपाचला आईची कढत बादली, पुन्हा तापायला तासभर, पावणेसातला बायको, मग कन्या, मग मी. सगळा डोलारा आईच्या बादलीवर उभा होता : तिला कढत हवं म्हणून इन्स्टंट बाद, तिच्या नि बायकोच्या मध्ये सव्वा तास मोकळा म्हणून २५ चा बाद. १५ लिटर, २ किलोवॅट, पाच तारे. बसवायला आलेल्या माणसाला जुनी भोकं जुळली नाहीत, त्याने नवी चार पाडली, एक टाइल फुटली, ती आता दुधी रंगाच्या साबणाच्या जाहिरातीने झाकली आहे. मॅग्नेशियमचा रॉड दर दोन वर्षांनी बघायचा, अशी मी कॅलेंडरवर नोंद केली. २०२७ चं कॅलेंडर घरात नसल्यामुळे ती याच वर्षाच्या कॅलेंडरवर आहे.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठून मी बटण लावलं. मेन पडला नाही. साडेपाचला आईला हाक मारली, "आई, पाणी तयार आहे. अगदी कढत."

आई टॉवेल घेऊन आली. न्हाणीघरात डोकावली, बाहेर आली.

"पातेलं कुठाय?"

"अगं, गिझर बसवला ना! साठ अंश आहे."

"असेल. पण ते वरवर तापतं रे. पातेल्यातलं कसं आतून तापतं. चांगली सवय लागली होती अकरा दिवस." मग स्वयंपाकघराकडे बघत, "आणि ते जाड फडकं घे, निळ्यातून चटका बसतो."

मी गॅस पेटवला. तिकडे गिझरचा लाल दिवा टिक करून मालवला. पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर तयार होऊन बसलं होतं आणि पावणेसातपर्यंत त्याला कुणी विचारणार नव्हतं. पाच तारे अखेर कामाला लागले.