वर्षाची फी एकदम भरू नका

विशेष मुलासाठी महागडी खासगी बालवाडी घ्यावी का, असा प्रश्न पालकांना पडतो. आधी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणाऱ्या सरकारी केंद्रात) तपासणी करून घ्या, ती मोफत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांसाठी आहे. सहा वर्षांच्या आधी अंगणवाडी असते, पण तिथे विशेष शिक्षिका नसते. म्हणून पैसे मोजायचेच तर विशेष शिक्षिकेसाठी मोजा. विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे तिची नोंदणी आहे का, ती रोज वर्गात असते की आठवड्यातून एकदाच डोकावते, हे विचारा. शॅडो टीचरचा (वर्गात मुलासोबत बसून मदत करणारीचा) पगार बहुधा फीत धरलेला नसतो! मुलासाठी लेखी वैयक्तिक उद्दिष्टं मागा, तीन महिन्यांनी तपासा. ‘निरामय’ हा ठरावीक दिव्यांगत्वांसाठीचा सरकारी आरोग्य विमा थेरपीच्या खर्चाला हातभार लावतो, शाळेच्या फीला नाही.