पर्सियसने क्राकेन मारलाच नव्हता

ग्रीक पुराणांबद्दलचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो: ‘क्राकेन हा ग्रीकांचा सर्वांत भयंकर सागरी राक्षस. टायटनांपैकी (झ्यूसच्या आधीच्या पिढीतल्या देवांपैकी) शेवटचा, महाकाय ऑक्टोपससारखा. देवांचा राजा झ्यूसने त्याला राजकन्या अँड्रोमेडाचा बळी घ्यायला सोडलं. वीर पर्सियस पेगासस या पंखांच्या घोड्यावर बसून आला आणि पाहणाऱ्याचा दगड करणारं मेड्यूसाचं मुंडकं दाखवून त्याने राक्षसाचा दगड केला.’ हे जवळजवळ सगळं १९८१ च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या चित्रपटातलं आहे. यातली एकच गोष्ट अर्धीमुर्धी खरी, तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी नाव. क्राकेन नॉर्वेचा. बर्गेनचा बिशप एरिक पोंटोपिडान याने १७५२-५३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन छापलं: पाठीचा घेर सुमारे दीड इंग्रजी मैल, दुरून बेटांसारखी दिसणारी. तिथल्या कोळ्यांची खूण तर फारच कामाची. जिथे ८० ते १०० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाणी असायला हवं तिथे दोर २०-३० वावांवरच टेकला, की खाली क्राकेन. मग मासळी भरपूर मिळते, पण दोर आणखी आखूड पडू लागला की वल्ही मारून निघायचं. ग्रीक ग्रंथांत मात्र हा शब्द कुठेही नाही. तिथला प्राणी म्हणजे केटोस. मोठ्या जलचराला, अगदी देवमाशालाही, ग्रीक हाच शब्द वापरत.

‘शेवटचा टायटन’? प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या यादीत मूळ टायटन १२, सहा पुरुष आणि सहा स्त्रिया. केटोस त्यांत नाही. आणि त्याला पाठवलं समुद्रदेव पोसायडनने. अँड्रोमेडाची आई, राणी कॅसिओपिया हिने आपण समुद्रकन्यांहून सुंदर असल्याची फुशारकी मारली, त्याची ही शिक्षा.

ऑक्टोपसचं म्हणाल तर ग्रीकांना तो चांगला ठाऊक होता. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात त्याच्या चोषकांना चिकटलेल्या खड्यांची उपमाही आहे. केटोस मात्र चित्रांत वेगळाच दिसतो: लांब जबडा, टोकदार कान, मानेवर तुरा, पुढे माशासारखे दोन पर आणि वेटोळ्यांची शेपटी. रोममध्ये स्कॉरस या अधिकाऱ्याने इ.स.पू. ५८ मध्ये याच राक्षसाची म्हणून जाफा बंदरातून आणलेली हाडं लोकांना दाखवली. रोमन लेखक प्लिनी लांबी देतो ४० फूट आणि म्हणतो की बरगड्या भारतीय हत्तीहून उंच होत्या. बहुधा देवमासाच.

पेगासस तर या लढाईत नाहीच. मेड्यूसाचं डोकं उडालं तेव्हा तो तिच्या मानेतून जन्मला आणि थेट झ्यूसकडे उडून गेला. पुढे त्याच्यावर मांड ठोकली ती बेलेरोफोन या दुसऱ्याच वीराने, कायमिरा या आग ओकणाऱ्या राक्षसी प्राण्याला मारताना. पर्सियसकडे होत्या पंखांच्या वहाणा, अदृश्य करणारी टोपी, देवांचा दूत हर्मिसने दिलेला विळा आणि मुंडकं ठेवायला झोळी.

राहिला दगड. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या, बर्लिनमध्ये असलेल्या कोरिंथियन कुंभावर पर्सियस चक्क धोंडे फेकून मारतो आहे. रोमन कवी ओव्हिडच्या वर्णनात तो केटोसच्या उजव्या खांद्यात वाकडी तलवार मुठीपर्यंत खुपसतो. जनावर रक्तमिश्रित पाणी ओकतं, त्याने वहाणांचे पंख भिजतात आणि उडणं अवघड होतं. मग तो एका खडकाला डाव्या हाताने धरून पोटात तीन-चार वार करतो. मुंडकं बाहेर येतं ते सगळं संपल्यावर: हात धुताना ते वाळूवर टेकवायला तो पानं आणि सागरी वनस्पती पसरतो, त्या कडक होतात आणि पोवळं जन्मतं. इ.स. दुसऱ्या शतकातला लेखक ल्युशियन मात्र तलवार आणि मुंडकं दोन्ही वापरतो; त्याच्याकडे केटोसचा काही भाग खरंच दगड होतो. फॉरवर्डला एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

ही सगळी मंडळी आपल्याला डिसेंबरच्या संध्याकाळी आकाशात तारकासमूह म्हणून दिसतात, फक्त मराठी नावांनी: कॅसिओपिया शर्मिष्ठा, अँड्रोमेडा देवयानी, पर्सियस ययाती. दक्षिणेकडे पसरलेला केटोस म्हणजे तिमिंगल.