दोन ड्रमर ऐका
प्रोग रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) हे मुळात स्टुडिओतलं संगीत, हे एका लेखात वाचलेलं विधान मला अजिबात पटलं नाही. जेनेसिस या ब्रिटिश प्रोग बँडचा १९७७चा 'सेकंड्स आउट' हा लाइव्ह अल्बम ऐका. गायक पीटर गॅब्रिएल बँड सोडून गेल्यावर गाणं ड्रमर फिल कॉलिन्सकडे आलं, म्हणून मंचावर चेस्टर थॉम्पसन हा दुसरा ड्रमर. वाद्यसंगीताच्या लांब जागांमध्ये कॉलिन्सही ड्रम्सवर बसतो तेव्हा रंगणारी जुगलबंदी मूळ स्टुडिओ रेकॉर्डवर नाहीच! यातलं 'सपर्स रेडी' हे गाणं तर वीस मिनिटांहून लांब, तरी एक क्षण कंटाळा नाही. बँडचा तेव्हाचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेटने २०२१मध्ये हा अख्खा अल्बम पुन्हा मंचावर वाजवला, चव्वेचाळीस वर्षांनी! स्टुडिओपुरत्या संगीताला असे श्रोते मिळतात का?